बोटीतून आलेली अमेरिकन आणि कुर्ल्याची अमेरिकन

उन्हाळ्यातल्या रविवारी सकाळी तुम्ही रूट ९ ने लेक क्विन्सिगॅमंडच्या पुलाकडे निघालात, तर कधी ना कधी ती तुम्हाला दिसलीच असेल. खालून फिकट निळी, वरून पांढरी, मागे दोन टोकदार पंख, पुढे सोनेरी जाळी आणि भरपूर क्रोम. १९५७ ची शेव्हरोले बेल एअर. आपल्या श्रूजबरीत अशा गाड्या जपणारे लोक बरेच आहेत. हिवाळ्यात गॅरेजमध्ये पांघरूण घालून निजवायच्या, मे महिन्यात बाहेर काढायच्या.

दोन वर्षांपूर्वी एका दुकानाच्या पार्किंगमध्ये अशाच एका गाडीपाशी मी रेंगाळलो. मालक माझ्याच वयाचे. मी त्यांना म्हटलं, "लहानपणी आमच्या मुंबईत या गाड्या खूप पाहिल्या." ते सौजन्याने हसले आणि त्यांनी एक सरळ प्रश्न विचारला, "तिथे पाठवलेल्या, की तिथे बनवलेल्या?"

मी "दोन्ही" म्हणालो आणि अडकलो. "दोन्ही" हे उत्तर चूक नव्हतं, पण ते नीट समजावून सांगायला पार्किंगमधली पाच मिनिटं पुरणारी नव्हती. तेव्हा जे सांगता आलं नाही ते इथे तुम्हाला सांगतो. तुमच्यातल्या माझ्या पिढीच्या वाचकांनाही एक सवय आहे. मारुतीच्या आधी भारतात फक्त अँबॅसिडर आणि फियाट होत्या, असं आपण मुलांना सांगून मोकळे होतो. ते खरं नाही.

आधी त्या गाडीबद्दल थोडं. टप मागे सरकवता येणारी उघडी मोटार म्हणजे कन्व्हर्टिबल, हे सर्वांना ठाऊक आहे. हार्डटॉप मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. साध्या मोटारीत पुढच्या आणि मागच्या काचेच्या मधे छताला आधार देणारा एक खांब असतो. हार्डटॉपमध्ये तो नसतो. चारही काचा खाली केल्या की पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत बाजू सगळी मोकळी, आणि डोक्यावर पक्कं पत्र्याचं छत. उघड्या गाडीचा डौल, पण पावसाची भीती नाही. याची एक गोष्ट सांगतात. ब्यूइक कंपनीतले अधिकारी एडवर्ड रॅग्सडेल यांच्या पत्नी नेहमी कन्व्हर्टिबलच घ्यायच्या, पण केस विस्कटतात म्हणून टप कधीच उघडायच्या नाहीत. मग घेता कशाला, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या की दिसायला छान दिसते. त्यातून पक्क्या छताच्या "कन्व्हर्टिबल"ची कल्पना निघाली म्हणे. गोष्टीत तिखटमीठ किती ते सोडा. १९४९ साली जनरल मोटर्सने ब्यूइक, कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिल या तीन नावांखाली हार्डटॉप बाजारात आणली, आणि १९५० साली शेव्हरोलेने ती मध्यमवर्गाच्या खिशात बसवली. त्या हार्डटॉपचं नाव बेल एअर. १९५३ पासून तेच नाव शेव्हरोलेच्या वरच्या दर्जाच्या सगळ्या प्रकारांना मिळालं. १९५५ ला नवं व्ही-८ इंजिन आलं, १९५७ ला पंख आले, आणि १९५८ ला बेल एअरच्याही वर एक नाव आलं : इंपाला. त्या पहिल्या वर्षी इंपाला फक्त दोन रूपांत मिळत होती, दोन दारी हार्डटॉप आणि कन्व्हर्टिबल. साधी चार दारी नाहीच.

हा काळ डोळ्यांपुढे आणायला फार लांब जायला नको. मॅसॅच्युसेट्स टर्नपाइक सुरू झाला तो १९५७ च्या मे महिन्यात. आज व्हाइट सिटी म्हणून आपण ज्या दुकानांत जातो तिथे तेव्हा व्हाइट सिटी नावाचं मोठं करमणूक उद्यान होतं, पाळणे आणि रोलर कोस्टर असलेलं. ते १९०५ ला सुरू झालं आणि १९६० ला बंद पडलं. शेवटच्या वर्षांत तिथे येणाऱ्या कुटुंबांच्या गाड्यांत बेल एअर आणि इंपाला असणारच. कामगाराला परवडणारी, थोडी मिरवायची गाडी. बेल एअरची कन्व्हर्टिबल अडीच हजार डॉलरच्या आसपास मिळायची.

आता मुंबईला चला.

मुंबईत शेव्हरोले यायला १९५७ ची वाट पाहावी लागली नव्हती. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला कारखाना काढला. सुटे भाग खोक्यांत भरून बोटीने बंदरात यायचे, शिवडीला त्यांची जुळणी व्हायची आणि गाडी कारखान्याच्या फाटकातून स्वतःच्या चाकांवर बाहेर पडायची. फोर्डनेही लवकरच मुंबईत असाच कारखाना घातला. म्हणजे आपल्या आजोबांच्या मुंबईतल्या पुष्कळ "विलायती" मोटारींचे नटबोल्ट शिवडीच्या कामगारांनी आवळलेले होते. 'चलती का नाम गाडी' मधली ती खटारा मोटार आठवते? तीही १९२८ ची शेव्हरोलेच.

पण जुळणी वेगळी आणि निर्मिती वेगळी, हे ज्याला सलत होतं तो माणूस आपल्या सोलापूरचा. वालचंद हिराचंद दोशी, जन्म १८८२. घराणं मूळचं गुजराती जैन, सोलापुरात स्थिरावलेलं. वालचंदांचा पहिला मोठा भागीदार मराठी होता, रेल्वेतली कारकुनी सोडून कंत्राटदार झालेले लक्ष्मणराव फाटक. फाटक-वालचंद कंपनीने रेल्वेची कामं घेतली. पुढे वालचंद बोरघाटातल्या बोगद्यांपर्यंत गेले, जहाजांत गेले, साखरेत गेले. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर तुम्ही ऐकलं असेल, पाहिलंही असेल. बंगळूरचा विमानांचा कारखाना आणि विशाखापट्टणमचा जहाजबांधणीचा कारखाना यांची सुरुवातही त्यांचीच. या माणसाला जमिनीवर, पाण्यात आणि आकाशात चालणारं सगळं भारतात बनवायचं होतं. स्वभाव हट्टी, खर्चिक आणि घाईचा. प्रत्येक उद्योग पैशांच्या ओढाताणीत सुरू व्हायचा. मला विचाराल तर त्यांच्या बऱ्याच अपयशांत त्यांच्या स्वभावाचाही वाटा होता. पण मोटारीच्या बाबतीत दोष त्यांचा नव्हता.

मोटारीची कल्पना मुळात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची. १९३० च्या दशकात ते परदेशातले कारखाने पाहून आले आणि त्यांनी योजना तयार केली. मुंबईत बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ होतं, त्याने मदतीचं आश्वासन दिलं. पण १९३९ च्या अखेरीस काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि ते आश्वासन हवेत राहिलं. वालचंद अमेरिकेला जाऊन आले. फोर्डशी जमलं नाही. साम्राज्यातल्या देशांचे हक्क फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडे होते, तिथे गाडं अडलं. १९४० साली क्रायस्लरशी करार झाला. आता हवी होती यंत्रं, ती आणायला डॉलर आणि बोटीत जागा. तिन्ही गोष्टी इंग्रज सरकारच्या हातात. युद्ध चालू होतं, सैन्याला ट्रक आणि मोटारी हजारोंनी लागत होत्या, तरीही भारतात मोटारीचा कारखाना ही युद्धकाळातली निकड नाही असं सरकारने ठरवलं. लष्कराला हव्या असलेल्या गाड्या बाहेरून आल्या आणि भारतात जोडल्या गेल्या. वालचंदांचा कागदावरचा कारखाना कागदावरच राहिला.

युद्ध संपत आलं तेव्हा, १९४४ साली, प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ आणि डिसोटो. नावं तीन, पण फरक मुख्यतः जाळीचा, बिल्ल्याचा आणि क्रोमच्या पट्ट्यांचा. क्रायस्लर निर्यातीसाठी प्लिमथच्याच अंगावर डॉज आणि डिसोटोची नावं चढवायची. डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय, डिसोटो डिप्लोमॅट. सहा सिलिंडरचं शांत इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला लागून, पुढे-मागे सलग बाकासारख्या सीट. अधिकृतपणे सहा माणसं. आपल्याकडे किती बसायची ते सांगत नाही, पण लग्नाहून परतताना एका किंग्जवेत मी स्वतः अकरावा होतो. ट्रकही इथलेच : डॉज, डिसोटो, फार्गो. जुन्या महामार्गांवर प्रवास केलेल्यांना फार्गो ट्रक आठवत असतील.

माझे एक काका त्या कुर्ल्याच्या कारखान्यात फिटर होते. दारं बसवायच्या कामावर. त्यांच्याकडून ऐकलेलं सांगतो. खोकं उघडलं की आत दारं, बॉनेट, मडगार्ड चळतीने रचलेली असायची, मधे कागद आणि ग्रीस. बोटीच्या प्रवासात पत्रा कुठे तरी दबलेला असायचाच. कागदावर लिहिलेलं असायचं की दार चौकटीत बसेल. प्रत्यक्षात ते बसवावं लागायचं. बिजागरीत पातळ पट्टी घालून, लाकडी हातोड्याने ठोकून, दार उघडून, मिटून, पुन्हा उघडून. काका सांध्यावरून अंगठा फिरवायचे. वरपासून खालपर्यंत अंगठ्याला एकसारखं लागलं पाहिजे. ही त्यांची सवय इतकी पक्की होती की घरातल्या कपाटाचं दार मिटतानाही अंगठा फिरायचा.

पण लक्षात घ्या, काकांनी बसवलेली दारं मधल्या खांबाच्या, चार दारांच्या साध्या सेडानची. माझ्या पाहण्यात आलेल्या कुर्ल्याच्या सगळ्या अमेरिकन गाड्या तशाच. हार्डटॉप आणि कन्व्हर्टिबल मात्र बोटीतून अख्ख्या आलेल्या. इथे आपल्या मुंबईच्या दोन अमेरिकन मोटारी वेगळ्या होतात.

कुर्ल्याची अमेरिकन डॉक्टरांकडे, वकिलांकडे, पेढीवाल्यांकडे आणि पुढे टॅक्सीवाल्यांकडे. बोटीतून आलेली राजेरजवाड्यांकडे, वकिलातींत, आणि सिनेमावाल्यांकडे. कुणी तरी परदेशातून कायमचं परत येताना आणायचं, नाही तर वकिलातीतल्या साहेबाची बदली झाली की त्याची गाडी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकली जायची. कित्येकींचं स्टिअरिंग डावीकडे असायचं आणि मागे रंगाने ठळक लिहिलेलं असायचं, "लेफ्ट हँड ड्राइव्ह". ती सूचना इतर वाहनांसाठी होती, पण आम्हा पोरांना ते पदवीसारखं वाटायचं. १९५७-५८ ला परकीय चलनाची तीव्र टंचाई झाली, आयात आणखी आवळली गेली, आणि जी गाडी अमेरिकेत कामगाराची होती ती मुंबईत नुसती श्रीमंतीची नव्हे तर वशिल्याची खूण झाली. 'इंपाला' हा शब्दच मुंबईत विशेषण झाला. अमेरिकेत १९६५ या एका वर्षात दहा लाखांहून जास्त इंपाला विकल्या गेल्या. त्या वेळी भारतातल्या सगळ्या कारखान्यांच्या मोटारी मिळून वर्षाला एक लाखाच्या जवळपासही पोचत नव्हत्या.

या दोन मोटारींची तुलना एका घरात झालेली आहे. लालबहादूर शास्त्री १९६४ साली पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांच्यासाठी सरकारी गाडी होती ती शेव्हरोले इंपाला. त्यांच्या चिरंजीवांनी पुढे सांगितलेली आठवण अशी की एका रात्री मुलांनी ती गाडी गुपचूप फिरवून आणली. शास्त्रीजींना कळलं, त्यांनी चालकाला किती किलोमीटर झाले ते विचारलं आणि खासगी वापर म्हणून तेवढे पैसे सरकारात भरायला लावले. घरासाठी स्वतःची गाडी घ्यायची ठरली तेव्हा घेतली फियाट. किंमत बारा हजार, घरात सात हजार, उरलेले पाच हजार पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज. ताश्कंदला शास्त्रीजी गेले तेव्हा ते कर्ज फिटलेलं नव्हतं, ललिताबाईंनी ते निवृत्तिवेतनातून फेडलं. ती फियाट आज दिल्लीच्या संग्रहालयात आहे, आणि तिचा जन्म कुर्ल्याचा.

कुर्ल्याला फियाट कशी आली, हे थोडक्यात. १९५३ साली टॅरिफ कमिशनने स्पष्ट शिफारस केली की जे कारखाने हळूहळू भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम देतील त्यांनीच राहावं, नुसती जुळणी करणाऱ्यांना जागा नाही. जनरल मोटर्सने १९५४ साली शिवडीचं काम थांबवलं, त्याच सुमारास फोर्डही गेली. वालचंदांनी आयुष्यभर जे मागितलं तेच सरकारने धोरण केलं होतं. पण ते आधीपासून अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले होते आणि त्याच १९५३ च्या एप्रिलमध्ये वारले. प्रीमियर राहिली, आणि राहायचं तर सगळे भाग इथे बनवणं आलं. अमेरिकन मोटारीचं एकेक अंग एवढं मोठं, पेट्रोल पिणारं, आणि गिऱ्हाईक मूठभर. त्या मानाने इटलीची छोटी फियाट परवडण्यासारखी होती. पाठीला गोल, बुटकी, म्हणून जिला आपण प्रेमाने "डुक्कर फियाट" म्हणतो ती, मग डिलाइट, मग पद्मिनी. मोठ्या डॉज आणि प्लिमथ हळूहळू रस्त्यावरून गेल्या. काहींच्या पोटात ट्रॅक्टरसारखा आवाज करणारी डिझेल इंजिनं बसली आणि त्या आणखी वीस वर्षं भाड्याने धावल्या.

हे धोरण बरोबर होतं का, यावर आपल्याकडे दिवाळीच्या फराळाला बसलं तरी दोन तट पडतात. त्या धोरणाने चाळीस वर्षं आपल्याला जुनाट गाड्या आणि लांबलचक प्रतीक्षायाद्या दिल्या, हे खरंच आहे. पण शिवडीच्या धर्तीवरच चाललो असतो तर पुण्या-पिंपरी-चाकणला आज सुट्या भागांचे जे कारखाने आहेत, त्यांना लागणारी माणसं कुठून आली असती? दार बसवणारा फिटर खोक्यांच्या जोरावर तयार होतो. दार ज्या साच्यात ठोकलं जातं तो साचा घडवणारा माणूस मात्र तसा तयार होत नाही. माझा कल या दुसऱ्या बाजूला आहे, पण तो पूर्वग्रह धरावा, मी त्या घरात वाढलो आहे.

आणि या जुळणी-निर्मितीच्या वादाला आपल्या शेजारीच एक उदाहरण होतं. रूट ९ ने पूर्वेला गेलात तर फ्रेमिंगहॅमला जनरल मोटर्सचा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच उभा राहिलेला, म्हणजे वयाने कुर्ल्याच्या कारखान्याच्या बरोबरीचा. तिथून ब्यूइक, ओल्ड्समोबिल, पाँटिअॅक बाहेर पडायच्या. माझे काका १९८६ साली आमच्याकडे आले होते. बॉस्टन दाखवायला नेताना मी वाटेत तो कारखाना दाखवला. त्यांनी गाडी थांबवायला लावली. कुंपणापलीकडे नव्या मोटारींच्या रांगा होत्या आणि फाटकावर पाटी.

"काय लिहिलंय रे?"

"असेंब्ली, काका."

"म्हणजे हेही जुळणीच करतात?"

मी सांगितलं की इंजिनं आणि पत्रे बरेचसे मिशिगनकडून येतात, रेल्वेने. काका बराच वेळ रांगांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग आम्ही काय वेगळं करत होतो? त्यांचं खोकं आगगाडीने येतं, आमचं बोटीने यायचं."

त्यावर मी प्राध्यापकी थाटात उत्तर दिलं : फरक एवढाच की आराखडा कोणाचा, साचे कोणाच्या देशात, आणि खोकं पाठवायचं बंद करण्याचा अधिकार कोणाकडे. काका म्हणाले, "ते तर इथल्या कामगारालाही नाही." तीन वर्षांनी, १९८९ साली, फ्रेमिंगहॅमचा कारखाना बंद झाला. कुर्ल्याच्या जागेवर आज गृहसंकुलं आहेत, प्रीमियर रोड हे नाव तेवढं राहिलं आहे.

हार्डटॉपचंही आयुष्य फार नव्हतं. गाड्यांत वातानुकूलन आलं तसं काचा खाली करायचं कारण उरलं नाही, आणि गाडी उलटली तर छत तग धरेल का या नव्या काळजीपुढे बिनखांबाचं छत टिकलं नाही. १९७८ च्या क्रायस्लर ह्या अमेरिकेतल्या शेवटच्या खऱ्या हार्डटॉप. मला नेहमी वाटतं, ती गाडी खरी मुंबईसाठी होती. संध्याकाळी चारही काचा खाली करून मरीन ड्राइव्हवर समुद्राचा वारा आरपार. पावसाळ्यात मात्र काचेला काच मिळते तिथल्या रबरातून पाणी थेट मांडीवर. आमच्या गल्लीतल्या एका इंपालाचा चालक जून ते सप्टेंबर मांडीवर पंचा ठेवूनच गाडी चालवायचा.

परवा ते बेल एअरवाले गृहस्थ पुन्हा भेटले. या खेपेला मी घाई केली नाही. शिवडी, कुर्ला, खोकी, काका, सगळं सांगितलं. त्यांचे वडील फ्रेमिंगहॅमला बावीस वर्षं होते, हे मला तेव्हा कळलं. रंगकामावर. त्यांनी दार उघडून मला आत बसायला सांगितलं. बसायच्या आधी मी दार एकदा मिटलं आणि सांध्यावरून अंगठा फिरवला. खालच्या बाजूला किंचित जास्त फट होती. तसं मी सांगितल्यावर ते म्हणाले, "माझे वडीलही हेच म्हणायचे."